बाराच्या खेळाचं भूत

"बाई, तुम्ही कधी भूत पाहिलंय का हो?" असं मला आजवर जितक्या लोकांनी विचारलं, तितक्यांनी "जेवलात का" म्हणूनसुद्धा विचारलं नसेल. लग्नात विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसलं तरी विचारतात, परवा रेशनच्या दुकानात गहू मोजता मोजता दुकानदारानं विचारलं. त्याला कारण आहे. सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये लेडीज बाल्कनीच्या दारावर मी सगळी नोकरी काढली, आणि आमची टॉकीज भुताच्या पिक्चरची म्हणून गावात ओळखली जायची. बाकीच्या टॉकीजना मारामारी मिळायची, रडारड मिळायची, सणासुदीला मोठे हिरो मिळायचे. आमच्या वाट्याला भूत. तेही शुक्रवारी दुपारी बाराच्या खेळाला, सोलापूरच्या टळटळीत उन्हात.

तर उत्तर आधीच सांगून टाकते. भूत मी पाहिलेलं नाही. खरं तर नाहीच, पण पडद्यावरचंसुद्धा धड नाही. आमच्या बाल्कनीचं दार पुढच्या अंगाला, कठड्याजवळ होतं. तिथं मी स्टुलावर बसायची ती बायकांकडं तोंड आणि पडद्याकडं पाठ करून. दारावरच्या माणसानं पिक्चर बघायचा नसतो, माणसं बघायची असतात. त्यामुळं भूत किती भयंकर होतं ते मला विचारू नका. भूत दिसल्यावर बाई कशी दिसते ते विचारा, त्यात मी तुमचं समाधान करीन. या अंकाच्या संपादकांनी "भीतीचं मानसशास्त्र" यावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलंय. मानसशास्त्र मला येत नाही. दार सांभाळायला येतं, तेवढंच लिहिते.

आमचं घर भवानी पेठेत. आम्ही बौद्ध. सासरे गिरणीत होते आणि विहारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आपल्यात देव नाही, भूत नाही, अंगारा नाही, उतारा नाही, आणि सूनबाई कामाला कुठं, तर भुताच्या दारात. हे त्यांना फार लागायचं. पगाराच्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं की चष्म्यावरून बघून विचारायचे, "भुतानं दिला का पगार?" दिला म्हटलं की म्हणायचे, "मग असू दे." पगार थकला त्या महिन्यात मात्र ते सगळ्या गल्लीला पटवून सांगायचे की बघा, भूत नसतंच.

कामाचं म्हणाल तर तिकीट फाडायचं, बॅटरी मारून जागा दाखवायची, पोर रडायला लागलं की आईला पोरासकट बाहेर काढायचं, खेळ सुटला की बाल्कनी झाडायची. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पुरुष माणूस आत सोडायचा नाही. नवरा असला तरी नाही, भाऊ असला तरी नाही. एकदा एक नवीन लग्न झालेला माणूस दाराशी हटून बसला होता. म्हणाला, बायको एकटी आत गेलीय, ती घाबरेल. मी म्हटलं, घाबरायलाच आलीय ती, तुम्ही खाली जाऊन बसा. तो खाली गेला आणि मध्यंतराला बायकोच त्याला धीर द्यायला खाली उतरली.

पडद्याकडं पाठ असली तरी कान उघडे होते. त्यामुळं न बघताच मला सगळे पिक्चर पाठ झाले, कारण ते सगळे एकाच वळणाचे. गाडी बंद पडते ती जुन्या बंगल्यासमोर. गॅरेजसमोर आजवर एकाही भुताच्या पिक्चरमध्ये गाडी बंद पडलेली नाही. बंगल्यात झुंबर असतं, पियानो असतो, पण म्हाताऱ्या नोकराच्या हातात कंदीलच. तो नोकर "वरच्या खोलीत जाऊ नका" एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. सांगितलं असतं तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता. पहिल्यांदा दार वाजतं तेव्हा मांजर असतं. दुसऱ्यांदा वारा असतो. तिसऱ्यांदा मात्र जे असायचं ते असतं, आणि हिरोईन नेमकी तिसऱ्यांदाच एकटी उठते, पाणी प्यायला. उशाशी तांब्या भरून ठेवायची अक्कल एकीलाही नसते. मध्यंतराच्या आधी मातीतून हात वर येतो. मध्यंतरानंतर लगेच एक गाणं, कारण निम्म्या बायका अजून भज्यांच्या रांगेत असतात.

माझी एकच तक्रार होती. या पिक्चरमध्ये एक शहरात शिकलेला माणूस असतो, तो म्हणतो की भूतबीत सगळं थोतांड आहे. मला तो पटायचा. आमच्याच विचाराचा माणूस. आणि तोच दर वेळी मध्यंतराआधी मरायचा. सासऱ्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, सगळं ठाऊक असताना बायका यायच्या कशाला? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण ठाऊक असतं म्हणूनच येतात. दार वाजलं की सगळी बाल्कनी कुजबुजायची, "मांजर, मांजर." खरंच मांजर निघालं की एकमेकींकडं बघून हसायच्या, परीक्षेत आलेलं गणित सुटल्यासारख्या. तिसऱ्या वेळेला कुणी काही बोलायचं नाही, नुसते हात शोधायचे शेजारणीचा दंड. शेजारीण ओळखीची असायलाच हवी असं नाही. माझ्या बाल्कनीत सासवासुनांनी एकमेकींचे हात धरलेले मी पाहिलेत, आणि दिवे लागल्यावर झटकन सोडलेलेही.

ही रीत मोडली की मात्र पंचाईत. एकदा एक पिक्चर आला, त्यात शेवटी कळतं की भूत नव्हतंच, हिरोईनच्या डोक्यावर परिणाम झाला होता. खेळ सुटला तर बायका जिना उतरेनात. मॅनेजरला वर बोलवा म्हणाल्या. मॅनेजरनं बिचाऱ्यानं समजावलं, अहो यात खोल अर्थ आहे. तेव्हा पुढं होऊन एक बाई म्हणाली, "अर्थ तुमाला ठेवा. आमी भूत बघायला आलो. भूत कुटं हाय ते दाखवा." शेवटी त्याच तिकिटावर पुढच्या आठवड्यात दुसरा पिक्चर दाखवायचं कबूल केलं, तेव्हा कुठं जिना मोकळा झाला.

ती पुढं झालेली बाई म्हणजे नरसम्मा.

नरसम्मा पूर्वभागातली, तेलुगू विणकराच्या घरातली. घरी नवरा यंत्रमागावर, ही विड्या वळणारी. आमच्या बाल्कनीतल्या निम्म्याहून जास्त बायका विड्यांच्याच. शुक्रवारी सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या, नवीन पान-तंबाखू घ्यायचा, आणि घरी जायच्या आधी परस्पर बाराच्या खेळाला यायचं, हा त्यांचा नेम. आल्या तरी हात थांबायचे नाहीत. मांडीवर डब्याचं झाकण, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं. अंधारात पान उचलायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. डोळे पडद्यावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भ्यायले होते खरी, कारण पन्नासेक बाया अंधारात टक लावून पुढं बघतायत आणि सगळ्यांची बोटं आपली आपली चाललीयत.

नरसम्मा त्यांची पुढारी. आवाज असा की खाली पहिल्या रांगेत ऐकू जायचा. ती पिक्चर बघायची नाही, पिक्चरमध्ये पडायची. हिरोईन कंदील घेऊन निघाली की ही कठड्याला रेलून, "पोवद्दू तल्ली, पोवद्दू," म्हणजे जाऊ नको गं माय, जाऊ नको. नाही ऐकलं की मराठीत, "मर तिकडं, सांगून ऐकत न्हाई." भुतालाही सोडायची नाही. एका भुताला तिनं केस विंचरायला सांगितलं होतं. खालचे पुरुष तिकीट काढायच्या आधी मला जिन्यातून विचारायचे, "आलीय का वो तुमची नरसम्मा?" आली नसली तर काही जण तीनच्या खेळाला येतो म्हणून परत जायचे.

आता माझं एक गुपित सांगते. पिक्चर चालणार की पडणार, हे मला झाडू मारताना कळायचं. भीतीचा प्रसंग आला की बायकांची बोटं आवळायची आणि पान फाटायचं. फाटलेलं पान टाकून द्यायच्या खुर्चीखाली. पिक्चर चांगला भीतीदायक असला तर सूपभर पानं निघायची, फुसका असला तर नुसत्या शेंगांची टरफलं. आमचे थोरले मालक पहिला खेळ सुटला की ऑफिसच्या दारात उभे राहायचे आणि मी केराची टोपली घेऊन खाली आले की आत डोकावून बघायचे. पानं दिसली की चहा सांगायचे. त्या बिनभुताच्या पिक्चरला एकही पान फाटलं नव्हतं.

पण या हिशेबाची दुसरी बाजू आमच्या लक्षात आली नव्हती. एकदा असा जबरदस्त पिक्चर लागला की पानं फाटण्यावर भागलं नाही. बायका बेभान होऊन वळत राहिल्या. घरी जाऊन बघतात तर कुणाच्या विडीत तंबाखूच नाही, कुणाची लेखणीएवढी जाड, कुणाची दोन्ही तोंडं बंद. कारखान्यात विड्या तपासायला चेकर असतो, खराब विड्या तो काढून टाकतो, त्याला छाट म्हणतात. त्या आठवड्यात अख्ख्या गल्ल्याच्या गल्ल्या छाटीत गेल्या. चेकरनं शोध काढला आणि तडक आमच्या टॉकीजवर आला. थोरल्या मालकांना म्हणाला, तुमचं भूत आवरा, माझा कारखाना बसायची वेळ आलीय. मालकांनी त्याला शांतपणे सोडा पाजला आणि म्हणाले, तुम्ही एकदा बघा तरी. तो खाली जाऊन बसला. मध्यंतरापर्यंत ठीक होता. मध्यंतरानंतर लोकांनी त्याला कापडी पिशवी डोक्यावर ओढून बसलेला पाहिला. बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाला, "छाट जरा हात राखून काढतो मी." पुढं तो दर शुक्रवारी यायला लागला. कारखान्यात काय सांगून निघायचा ते मला ठाऊक नाही.

थोरले मालक गेले आणि पुण्याहून धाकटे मालक आले. त्यांना नाव ठेवायला जागा नाही. शिकलेले, गोड बोलणारे, आणि गंमत म्हणजे भुताच्या पिक्चरचे मोठे शौकीन. आम्हाला वाटलं, आता आपलं सोनं झालं. त्यांनी खुर्च्या बदलल्या, आवाजाची नवी यंत्रं बसवली, भिंतींना कापड लावलं. मग आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की खरी भीती शांततेत असते. उंदीर चालला तरी ऐकू आला पाहिजे. त्यामुळं इथून पुढं बडबड बंद, शेंगा बंद, विड्या तर मुळीच नाहीत. पिक्चरही नव्या पद्धतीचे आणले. त्यांत अर्धा अर्धा तास काही होतच नाही, नुसती रिकामी खोली. पहिल्या दिवशी बायका मला विचारत होत्या की लाईट गेली का.

नरसम्मानं मात्र त्या रिकाम्या खोलीशीही बोलायला सुरुवात केली. "कपाट उघड की, कपाटात हाय ते." खालून हशा झाला. धाकटे मालक बॅटरी घेऊन वर आले. मी दारात आडवी झाले, तर म्हणाले, बाई, मी मालक आहे. आत जाऊन त्यांनी नरसम्माच्या तोंडावर उजेड टाकला. "मावशी, गप्प बसायचं असेल तर बसा, नाहीतर बाहेर जा." आवाजात राग नव्हता, शाळेत सांगतात तसं सांगितलं. नरसम्मानं त्यांच्याकडं बघितलं, झाकणातला तंबाखू पिशवीत ओतला, पदर खोचला आणि उठली. तिच्या मागं तिची रांग उठली. मग मागची रांग. पडद्यावर रिकामी खोली, आणि बाल्कनीही तशीच.

त्यानंतर बायका आल्याच नाहीत. बायका नाहीत म्हणून नरसम्मा नाही, नरसम्मा नाही म्हणून खालचे पुरुषही नाहीत. सगळ्यांच्या हातात मोबाईल होतेच, म्हणाले भूत घरीच बघू. मी भर बारा वाजता मोकळ्या खुर्च्यांकडं तोंड करून बसायची. आवाज मात्र फार स्वच्छ यायचा. एक पावसाळा तसाच गेला, आणि एक दिवस धाकट्या मालकांनी आम्हाला पुन्हा समोर बसवलं. टॉकीज एका कपड्याच्या शोरूमला द्यायचं ठरतंय, सोमवारी सह्या आहेत म्हणाले. सांगताना त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. पण माझ्या घरी तेव्हा माझाच पगार येत होता. सासरे अंथरुणाला, मालकांचं गिरणीनंतर कुठंच जमलेलं नाही. मालक म्हणजे आमचे मालक, घरचे. शोरूमला दारावर कुणी लागलंच तर ते पोरगी ठेवणार, माझ्यासारखी पांढऱ्या केसांची नाही.

मी तशीच उठून पूर्वभागात गेले. नरसम्माचं घर म्हणजे एक खोली, तिच्यात एका अंगाला सासू पडलेली, दुसऱ्या अंगाला रात्रपाळीचा नवरा झोपलेला, मधल्या फटीत नातू. ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. मला बघून सरकली आणि जागा केली, पण बोलली नाही. मी ओळखलं की रागावलीय. मी आपली सांगत सुटले, टॉकीज जातीय, सोमवारी सह्या आहेत, शुक्रवारी शेवटचा म्हणून तरी ये. धाकट्या मालकांच्या वतीनं मी माफी मागते म्हटलं. मग मलाही राग आला. म्हटलं, जरा गप्प बसून भूत बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?

तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि आत मान करून दाखवली. मग इतक्या हळू बोलली की ही तीच नरसम्मा हे मला खरं वाटेना.

"हितं सासू झोपती, ती उठली की नवरा झोपतोय, तो उठला की नातू. लगीन झाल्यापासनं ह्या घरात मी मोठ्यानं बोल्ले न्हाय. हात चालू, तोंड बंद." तिनं विडीला दोरा गुंडाळला आणि तोंडानं तोडला. "भूत बघायला कोन येतंय वो बाई? आमी वरडायला येतोय. तितं वरडलं की कोन इचारत न्हाय, काय झालं म्हनून."

 इतकी वर्षं मी या बायकांकडं तोंड करून बसले आणि मला वाटायचं, मला सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते पटलं असं नाही. ते म्हणाले, बाई, हे भीतीच्या सिनेमाचं काम नाही. मी म्हटलं, असेल, पण तुमच्या वडिलांची टॉकीज त्याच्यावर चालली.  मग म्हणाले, ठीक आहे, शेवटचाच शुक्रवार आहे, जुन्या धाटणीचा एक लावू. बाराचा खेळ, फक्त बायकांना वरती सगळी मोकळीक. विड्या वळू देत, ओरडू देत. सोमवारच्या सह्या मात्र ठरल्याप्रमाणं होतील, त्यात बदल नाही. त्यांनी खाली पाटी लिहिली, कुणी तोंडावर उजेड टाकू नये म्हणून बॅटऱ्या जमा करून घेतल्या, आणि मी पूर्वभागात निरोप धाडला.

शुक्रवारी बायका आल्या. पिशव्या, फडकी, झाकणं घेऊन आल्या. नरसम्मा कठड्याजवळच्या आपल्या जागेवर बसली, नवी खुर्ची दाबून बघितली आणि नाक मुरडलं. मी तिकिटं फाडत होते, तर जिन्यावरून वहिनी येताना दिसल्या.

वहिनी म्हणजे थोरल्या मालकांच्या पत्नी, धाकट्यांच्या आई. त्यांचा बंगला टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून. दिवाळीला आम्ही फराळाला जायचो तेव्हा त्या पदर सावरून ताटं द्यायच्या आणि कुणी काहीही म्हटलं तरी "बरं" म्हणायच्या. थोरले मालक बोलत असले तर तेवढंही नाही. माणूस देवासारखा होता, पण घरच्या बाईनं असल्या पिक्चरला पब्लिकमध्ये बसायचं नाही हा त्यांचा कडक नियम. टॉकीज घरची असून वहिनींनी तिच्यात पाय ठेवला नव्हता. मी उठून उभी राहिले. त्या लाजून म्हणाल्या, "जाणारच आहे ना आता, म्हटलं एकदा बघून यावं. भिंतीपलीकडून रोज ऐकतेय." मी तिकीट मागितलं नाही. मागच्या रांगेत कोपऱ्यात नेऊन बसवलं.

पिक्चर चालू झाला. गाडी बंगल्यासमोर बंद पडली, कंदील आला, मांजर आलं. "मांजर, मांजर" म्हणून सगळी बाल्कनी कुजबुजली आणि माझ्या अंगावर काटा आला, तो भुताचा नव्हता. नरसम्माचा आवाज हळूहळू तापत गेला. धाकटे मालक जिन्यानं वर येऊन दाराबाहेर माझ्याशेजारी उभे राहिले, बायका ओरडतात कशा ते ऐकायला. मी अडवलं नाही, ते उंबऱ्याच्या बाहेर होते.

या पिक्चरमध्ये हिरोईन घरची नवी सून असते. रात्रीच्या वेळी सासरा तिला सांगतो, वरच्या बंद खोलीतून किल्ल्यांचा जुडगा घेऊन ये. ती म्हणते, जी. दिवा उचलते आणि निघते. नरसम्मा सुरू झाली, "पोवद्दू, पोवद्दू तल्ली." सगळ्या बायका तिच्या मागून. हिरोईन पायरी चढते, पुन्हा एक पायरी चढते.

आणि मागच्या कोपऱ्यातून एक आवाज आला, असा फाटलेला की मी दचकून उठले.

"अगं, नाही म्हण त्यांना! एकदा तरी नाही म्हण! तोंड दिलंय ना तुला?"

सगळी बाल्कनी मागं वळली. पडद्यावर तेव्हा नेमकं दार उघडलं म्हणतात, भूत आलं म्हणतात, पण ते एकीनंही पाहिलं नाही. वहिनी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, आणि त्या हिरोईनला सांगत होत्या, खाली ये, दिवा खाली ठेव, त्यांना म्हणावं तुमच्या किल्ल्या तुम्ही आणा. एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबेनात. एवढं बोलणं त्यांच्या आत होतं हे आम्हाला कसं ठाऊक असणार? नरसम्मानं मान डोलावली आणि म्हणाली, "आं, बरोबर." मग सगळ्याच जणी ओरडायला लागल्या, नाही म्हण, नाही म्हण. खालून पुरुषांचाही आवाज चढला. आमच्या टॉकीजमध्ये एवढा गोंगाट थोरल्या मालकांच्या काळातही झाला नव्हता.

धाकट्या मालकांनी आवाज ओळखला होता. चेहरा पांढराफटक. "आई आहे ती," असं माझ्याकडं न बघताच म्हणाले, आणि आत जायला पुढं झाले. मी दारात हात आडवा लावला. "लेडीज बाल्कनी आहे, साहेब. पुरुष माणूस सोडत नाही." या वेळी त्यांनी मी मालक आहे म्हणून सांगितलं नाही. भिंतीला टेकून ते खेळ सुटेपर्यंत उभे राहिले. मला वाटलं, रडतायत. असतील. अंधार होता.

दिवे लागले. बायका घसे धरून, हसत, एकमेकींना टाळ्या देत जिना उतरल्या. खुर्च्यांखाली पानांचा नुसता सडा पडला होता. नरसम्मा माझ्याजवळ थांबून पिशवीत विड्या मोजल्यासारखं करत राहिली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं, मला कळत होतं. सगळ्यांत शेवटी वहिनी आल्या. पदर पुन्हा डोक्यावर, चेहरा दिवाळीत ताट देताना असायचा तसा.

"आई, कसा वाटला?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"बरा होता," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला कान पुढं करावा लागला. कठड्याला धरून त्या निम्मा जिना उतरल्या, थांबल्या, आणि वर न बघताच म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी कुठला लागणार आहे?"

शुक्रवारच्या आधी सोमवार येतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. नरसम्माचा हात पिशवीतच राहिला. धाकट्या मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग ते आईच्या मागून जिना उतरून तिच्या पायरीवर गेले.

"तू सांग, आई," ते म्हणाले. "कुठला लावू?"